फ्री सॉफ्टवेअर टाकताय? मग या चुका टाळा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कुठल्याही कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात थोडा वेळ थांबा, कुणी ना कुणी हमखास हेच सांगत असतं, ‘काहीतरी फ्री टाकलं बघा आणि तेव्हापासनं मशीन नीट चालंना.’ आणि मग निष्कर्ष ठरलेला, फ्री म्हटल्यावर असंच असणार. मला हे अजिबात पटत नाही. व्हिडिओ चालवणारं व्हीएलसी, झिप फाइली उघडणारं सेव्हन-झिप, वर्ड-एक्सेलच्या जागी चालणारं लिब्रेऑफिस, फोटो सुधारणारं गिम्प, आवाज एडिट करणारं ऑडॅसिटी ही पैसे नाहीत म्हणून नाइलाजाने वापरायची सॉफ्टवेअर नव्हेत, ती खरोखर लई भारी आहेत. त्रास होतो तो बहुतेक वेळा पहिल्या पाच मिनिटांत, म्हणजे ते कुठनं उतरवलं, टाकताना काय दाबलं आणि टाकल्यावर कुठलं एक सेटिंग बघायचं राहून गेलं.

पहिली चूक, आणि सगळ्यात महागात पडणारी: गूगलवर नाव टाकून जी पहिली लिंक येईल ती दाबणे. वरच्या एकदोन लिंका बऱ्याचदा जाहिरातीच्या असतात, त्यावर बारीक अक्षरात ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं असतं, पण घाईत ते बघतंय कोण. आत गेलं की हिरवं भलंमोठं डाउनलोड बटण, आणि ते बटणसुद्धा जाहिरातच. व्हीएलसीचंच बघा, पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प, २००१ पासून खुल्या लायसनवर आहे, त्यात एक जाहिरात नाही, पैसे मागायचा तर प्रश्नच नाही. त्यामुळे तो रस्त्यावरचा नारिंगी कोन दाखवून कुणी कार्ड नंबर मागत असेल किंवा ‘प्रो व्हर्जन घ्या’ म्हणत असेल तर सरळ टॅब बंद करा, ते खरं व्हीएलसी नव्हे. खरं मिळतं व्हिडिओलॅन डॉट ऑर्गवर. सेव्हन-झिपचं घर सेव्हन-झिप डॉट ऑर्ग, शेवटी कॉम नाही, एवढा एक शब्द बघितला तरी निम्मं संकट टळतं.

नावाजलेली साइट आहे म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवणं पण बरोबर नाही. २०१५ मध्ये सोर्सफोर्जसारख्या जुन्या, मोठ्या साइटवर गिम्पच्या विंडोज इन्स्टॉलरला जाहिरातीवालं जादा सामान जोडून दिलं जात होतं, त्यावरनं केवढा गदारोळ झाला होता. म्हणून शक्यतो ज्यांनी सॉफ्टवेअर बनवलं त्यांच्याच साइटवरनं घ्या. शंका आली तर फाइल उघडायच्या आधी व्हायरसटोटलवर चढवा, तिथं एकाच वेळी कितीतरी अँटिव्हायरस ती तपासतात. आणि विंडोज १० किंवा ११ असेल तर विंगेट नावाची सोय मशीनमध्ये आधीच असते, कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत ‘विंगेट अपग्रेड’ एवढंच टाइप करा, तुमच्याकडच्या कुठल्या कुठल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आलीय त्याची यादीच समोर येते. कुठली साइट उघडायला नको, कुठलं हिरवं बटण दाबायला नको.

नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश करणाऱ्यांना एकच सांगणं, ‘कस्टम’ किंवा ‘ॲडव्हान्स्ड’ असा पर्याय दिसला की तोच घ्या, टूलबार आणि दुसरं अँटिव्हायरस यांच्या आधीच केलेल्या टिक-खुणा तिथंच लपलेल्या असतात, काढून टाका.

आता क्रॅकबद्दल, म्हणजे पैसे न देता लायसनचं कुलूप तोडून चालवलेलं सॉफ्टवेअर. उद्यमनगरात एखाद्या वर्कशॉपमध्ये जावा, ड्रॉइंगचं महागडं सॉफ्टवेअर क्रॅक करून टाकलेलं असतं, आणि ते चालावं म्हणून अँटिव्हायरस बंद केलेला असतो, कारण क्रॅकच्या सोबतच्या कागदात तसंच लिहिलेलं असतं. अहो, ज्या मशीनवर पार्टीची ड्रॉइंग, बँकेचं लॉगिन आणि जीएसटीचा पासवर्ड आहे त्याच मशीनचं दार आपण स्वतः उघडं ठेवतोय! एक दिवस सगळ्या फाइली लॉक होऊन पैसे मागणारी चिठ्ठी स्क्रीनवर आली की होत्याचं नव्हतं होतं. टू-डी ड्रॉइंगला लिब्रेकॅड आहे, थ्री-डीला फ्रीकॅड आहे, फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आणि आधीपेक्षा खूप सुधारलीय. फक्त एक ध्यानात ठेवा, लिब्रेकॅडला डीएक्सएफ फाइल मानवते, ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी फाइलशी त्याचं नीट जमत नाही, तेव्हा समोरच्याकडनं डीएक्सएफ मागवून घ्या, नाहीतर ‘उघडंना झालंय’ म्हणून पुन्हा क्रॅककडे पाय वळतात.

याच्याच जवळची एक चूक म्हणजे फ्री दिसलं की दुकानात वापरायला सुरुवात करणे. फोटो बघायचं इरफानव्ह्यू घरी वापरा, पैसे नाहीत, पण धंद्यासाठी त्याचं लायसन घ्यावं लागतं. दुसऱ्याचं मशीन लांबनं चालवायच्या एनीडेस्कचंही तसंच, फुकटची परवानगी वैयक्तिक वापरापुरती. लिब्रेऑफिस, व्हीएलसी, सेव्हन-झिप, गिम्प, डिझाइनचं इंकस्केप हे मात्र घर, दुकान, ऑफिस, कुठंही बिनधास्त चालवा.

मराठीचा गोंधळ, यावर जरा जास्त बोलतो

कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त डोकं इथंच पिकतं. लक्ष्मीपुरीतल्या एका पतसंस्थेत सभासदांची यादी नवीन सिस्टीममधनं सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी फाइल) म्हणून काढली, एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली आणि तिथल्या ताई घाबऱ्याघुबऱ्या, ‘दादा, नावं गेली वो सगळी!’ बघितलं तर नावांच्या जागी डोक्यावर तिरका फटकारा असलेला इंग्रजी ए, त्याच्या शेजारी चार पाय फुटलेलं एक गोल चिन्ह, मग काहीतरी तिसरंच, आणि हेच पुन्हा पुन्हा. नावं कुठंही गेलेली नव्हती. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला नंबर, आणि यूटीएफ-८ म्हणजे तो नंबर फाइलमध्ये साठवायची पद्धत. युनिकोडमधलं मराठीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटमध्ये साठवली जाते. ‘कोल्हापूर’ लिहायला क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार, र असे ९ कोड लागतात, म्हणजे २७ बाइट. एक्सेलला फाइल यूटीएफ-८ आहे हे कुणी सांगितलेलं नसतं, मग ते प्रत्येक बाइटला एकेक स्वतंत्र अक्षर समजतं आणि ९ च्या जागी २७ चिन्हांची खिचडी दाखवतं.

इथं खरी चूक कुठली, तर घाबरून तिथंच सेव्ह दाबणे. ते केलं की कचराच खऱ्या फाइलवर लिहिला जातो. सेव्ह न करता बंद करा. कोरं एक्सेल उघडा, डेटा टॅबमध्ये जाऊन ‘फ्रॉम टेक्स्ट सीएसव्ही’ घ्या, फाइल निवडा आणि वर ‘फाइल ओरिजिन’ आहे तिथं ६५००१ नंबरचं यूटीएफ-८ निवडा, खाली नावं जशीच्या तशी दिसायला लागतील. तिथंच ‘डेटा टाइप डिटेक्शन’मध्ये टाइप ओळखू नको असं सांगा, नाहीतर शून्याने सुरू होणाऱ्या खाते नंबरातली पुढची शून्यं उडतात आणि ते लगेच कुणाच्या ध्यानातही येत नाही. लिब्रेऑफिस कॅल्क तर सीएसव्ही उघडतानाच विचारतं, कुठली अक्षरपद्धती म्हणून. मला त्यासाठीच ते आवडतं, पण लोक तीही खिडकी न वाचता ओके करतात.

दुसरा प्रकार वेगळा. जुनी लग्नपत्रिका, जुना अहवाल उघडला आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं विखुरलेली. हा श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टचा मामला. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले असायचे, फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. याला यूटीएफ-८ चा उपाय लागू नाही, जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर लागतो, आणि तो त्याच फॉन्टचा पाहिजे. श्रीलिपीचा मजकूर कृतिदेवच्या कन्व्हर्टरमध्ये घातला तर आगीतून फुफाट्यात. आधी वर्डमध्ये मजकुरावर कर्सर ठेवून फॉन्टचं नाव काय येतंय ते बघा, मग कन्व्हर्टर शोधा.

लिब्रेऑफिसमध्ये ‘मराठीचा फॉन्ट बदलतच नाही’ ही तक्रार पण नेहमीची. तिथं मराठीसारख्या लिप्यांचा फॉन्ट आणि साइज इंग्रजीपासून वेगळा ठेवलेला असतो. टूल्स, ऑप्शन्स, मग भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करा आणि भाषा मराठी निवडा, हिंदी नको. ही भाषा निवडण्यात एक गंमत आहे, काही चांगल्या फॉन्टमध्ये ल आणि श यांचे मराठी वळणाचे आणि हिंदी वळणाचे असे दोन्ही आकार असतात, आणि भाषा मराठी सांगितली की आपल्या वळणाचा ल आपोआप येतो. शाळेत गिरवला तोच. टिरो देवनागरी मराठी नावाचा फ्री फॉन्ट आहे, त्यात तर मराठी वळण मुळातच दिलंय. फ्लेक्स, पत्रिका करणाऱ्यांनी एकदा बघाच.

आणि ‘दुसर्‍या’, ‘तार्‍या’मधला तो रफार चुकीच्या जागी जाऊन बसतो, त्याचं काय? भारतीय भाषांच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर साधा र, म्हणजे जे, न दाबता शिफ्ट धरून जे दाबा, मग डी, म्हणजे हलन्त, मग य. झालं, ऱ्य. गावातल्या अर्ध्या फ्लेक्सवर हा चुकलेला असतो आणि मला दरवेळी वाईट वाटतं.

व्हीएलसीत मराठी सबटायटलच्या जागी चौकोन दिसत असतील तर प्लेअर बदलू नका, प्रेफरन्सेसमध्ये सबटायटलचा फॉन्ट निर्मला किंवा मंगल करा, एन्कोडिंग यूटीएफ-८ करा, आणि व्हीएलसी बंद करून पुन्हा उघडा.

डिस्क आणि पेनड्राइव्हच्या भानगडी

पेनड्राइव्हमध्ये १० जीबी मोकळे दिसतायत तरी लग्नाचा व्हिडिओ जाईना, ‘फाइल मोठी आहे’ म्हणतंय. पेनड्राइव्ह खराब नाही, तो फॅट-३२ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलाय, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जातच नाही. आतलं सगळं दुसरीकडं ठेवून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. तसंच १ टीबीची डिस्क आणली आणि ९३१ जीबीच दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नका, कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, डिस्क पूर्ण आहे.

सी ड्राइव्ह भरला की लोक क्लीनर टाकतात. नकोच. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंगची नोंदवही, साफ करून मशीन पळायला लागतं हा गैरसमज आहे, उलट नको ती नोंद उडाली तर चालू असलेलं बंद पडतं, आणि मायक्रोसॉफ्टसुद्धा असल्या क्लीनरची जबाबदारी घेत नाही. सीसीक्लीनरचं २०१७ चं प्रकरण आठवा, त्यांच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येच हॅकरनी व्हायरस घुसवला आणि २० लाखांवर मशीनवर तो गेला. त्यापेक्षा विनडर-स्टॅट टाका, कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्लीय ते रंगीत चौकोनांत दाखवतं, मग काय काढायचं ते तुम्हीच ठरवा. बहुतेकांचा गुन्हेगार डाउनलोड फोल्डर नाहीतर व्हॉट्सॲपचे व्हिडिओ निघतात.

‘बंद करून चालू केलं तरी प्रॉब्लेम जात नाही’ म्हणणाऱ्यांसाठी: विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं, त्यामुळे शटडाउन केल्यावर सिस्टीमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि तोच पुन्हा उठवला जातो. ताजी सुरुवात पाहिजे असेल तर रीस्टार्टच दाबा. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या खाली ‘अप टाइम’, म्हणजे मशीन सलग किती वेळ चालू आहे, असतो तो बघा, रोज रात्री शटडाउन करणाऱ्याचासुद्धा कित्येक दिवसांचा निघतो.

आधार कार्डाची पीडीएफ छोटी करायला कुठल्याही अनोळखी वेबसाइटवर चढवू नका, हे हात जोडून सांगतो. पानं जोडायची, वेगळी करायची तर पीडीएफसॅम बेसिक आपल्याच मशीनवर करतं, नेट बंद ठेवूनसुद्धा.

शेवटचं जुन्या मशीनचं. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ बऱ्याच जुन्या मशीनवर बसत नाही, म्हणून पुष्कळजण विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही फ्री सिस्टीम बघायला लागलेत आणि ते चांगलंच आहे. पण रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने मिंट टाकायचा पेनड्राइव्ह बनवताना त्यातलं सगळं पुसलं जातं, रुफस तसं विचारतं आणि लोक तिथंही न वाचता ओके करतात, पोरांचे फोटो गेल्यावर मग धावाधाव. रिकामा ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. पेनड्राइव्हवरनं मशीन चालू झालं की लगेच ‘इन्स्टॉल’ दाबू नका, डिस्कला हात न लावता मिंट तसंच चालतं, तिथं वाय-फाय लागतंय का, आवाज येतोय का, टचपॅड हलतोय का बघा, आणि दुकानाचं मशीन असेल तर प्रिंटरवर एक मराठी पान काढून बघा, कारण पुढं अडतं ते बहुतेक प्रिंटरपाशीच.