दोन महायुद्धांमधल्या युगोस्लाव्हियाची तिकिटे: संग्रहाची सुरुवात कशी करावी

१ डिसेंबर १९१८ रोजी बेलग्रेडमध्ये सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांच्या राज्याची घोषणा झाली. मात्र साऱ्या राज्यासाठी एकच तिकीटमालिका निघायला जानेवारी १९२१ उजाडावा लागला. मधल्या काळात सारायेव्हो (बोस्निया), झाग्रेब (क्रोएशिया), लुब्लियाना (स्लोव्हेन भाग) आणि बेलग्रेड (सर्बिया) येथे वेगवेगळी तिकिटे चालत होती आणि त्यांवरील चलनेही वेगळी होती. सर्बियात पारा व दिनार होते, तर पूर्वीच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या प्रदेशात क्रोन आणि त्याच्या शंभराव्या भागाची नाणी चालत. राज्य कागदावर एक झाले तरी टपालखात्यात ते सावकाश जुळत गेले, आणि हे जुळणे तिकिटांवर स्पष्ट दिसते. म्हणून नव्या संग्राहकाने १९२१ पासून नव्हे, तर १९१८च्या अखेरीपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

आधी लिपी ओळखायला शिकावे. बहुतेक तिकिटांवर मजकूर सिरिलिक आणि लॅटिन अशा दोन लिपींत असतो. राज्याच्या नावाची आद्याक्षरे लॅटिनमध्ये ‘एस-एच-एस’ अशी दिसतात (क्रोएटांचे त्यांच्या भाषेतले नाव ‘ह’ने सुरू होते). सिरिलिकमध्ये तीच अक्षरे ‘सी-एक्स-सी’ अशी दिसतात, कारण त्या लिपीत ‘सी’च्या आकाराचा उच्चार ‘स’ आणि ‘एक्स’च्या आकाराचा उच्चार ‘ह’ होतो. ‘पी’सारखे दिसणारे अक्षर ‘र’ असते, हेही लक्षात ठेवावे. एवढी चार-पाच अक्षरे डोळ्यांत बसली की मिसळलेल्या ढिगाऱ्यातून ही तिकिटे वेगळी काढणे सोपे जाते.

पहिला खरा अभ्यास लुब्लियानाच्या तिकिटांवर करावा. जानेवारी १९१९ मध्ये निघालेल्या या मालिकेचे चित्र इव्हान वाव्हपोटिच यांनी काढले होते. त्यात साखळदंड तोडणारा पुरुष आहे, म्हणून संग्राहक या तिकिटांना ‘व्हेरिगार’ म्हणजे साखळी तोडणारा याच नावाने ओळखतात. कमी किमतीची तिकिटे मुबलक मिळतात, पण ती सारखी नसतात. लुब्लियानात दगडावरच्या लिथो पद्धतीने छापलेली तिकिटे आहेत, उठावाच्या ठशाने छापलेली आहेत, आणि व्हिएन्नात छापलेलीही आहेत. दहापट भिंगाखाली लिथोची रेषा किंचित मऊ, सपाट दिसते. ठशाच्या छपाईत शाई रेषेच्या कडेला दाबून साठलेली असते आणि पुष्कळदा तिकीट उलटे करून तिरप्या उजेडात धरले तर मागे दाबाची खूण जाणवते. एकाच किमतीची वीस-तीस तिकिटे समोर मांडून हा फरक डोळ्यांना पटेपर्यंत पाहावा. सूचीतले क्रमांक नंतर लावता येतील. त्यानंतर छिद्रमापकावर, म्हणजे कडेची छिद्रे मोजण्याच्या पट्टीवर, कडा तपासावी, कारण गोल छिद्रांऐवजी चिरा देऊन सुटी केलेली तिकिटेही या मालिकेत आहेत.

बोस्निया आणि क्रोएशियाच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. तिथे जुन्या राजवटीच्या तिकिटांवरच नव्या राज्याचे नाव ओव्हरप्रिंट केले गेले, म्हणजे छापून तयार तिकिटांवर वरून पुन्हा छापले गेले. झाग्रेबमध्ये हंगेरीची तिकिटे वापरली, तर सारायेव्होत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अमलातील बोस्नियाची. अशा ओव्हरप्रिंटच्या नकला करणे सोपे असते, आणि नकली माल पुष्कळ फिरतो. वापरलेले तिकीट असेल तर ओव्हरप्रिंटची शाई टपालाच्या शिक्क्याखाली आहे की वर, हे भिंगाने पाहावे. ती शिक्क्यावर चढलेली असेल, किंवा शिक्क्यातली तारीख ऑक्टोबर १९१८च्या अखेरीपूर्वीची, म्हणजे जुनी राजवट संपण्याआधीची असेल, तर तिकीट बाजूला ठेवावे. महागडी उलटी ओव्हरप्रिंट सुरुवातीला घेऊच नयेत.

शिक्के स्वतंत्रपणे जमवण्याजोगे आहेत. स्लोव्हेन भागातील अनेक टपाल कचेऱ्यांनी ऑस्ट्रियाच्या काळातले द्विभाषिक शिक्केच पुढे वापरले, मात्र त्यांतले गावाचे जर्मन नाव खरवडून काढले. शिक्क्याच्या वर्तुळात एका बाजूला नाव आणि दुसऱ्या बाजूला रिकामी जागा दिसली तर ते तिकीट जपून ठेवावे. अशी तिकिटे पाकिटावर असतील तर पाण्यात घालून सोडवू नयेत. संपूर्ण पाकीट ठेवावे. या काळातला कागद अनेकदा हलका व ठिसूळ असतो, तो ओला झाला की चिमट्यानेही फाटतो.

१९२१ची सर्व राज्यासाठीची मालिका न्यूयॉर्कच्या अमेरिकन बँक नोट कंपनीने कोरीव छपाईने तयार केली. कमी किमतींवर तेव्हाचा युवराज अलेक्झांडर आणि दिनारच्या किमतींवर राजा पीटर पहिला आहे. बोटाच्या टोकाला शाईचा हलका उठाव लागतो. त्यापुढचा काळ सोपा आहे, पण काही जागी थांबावे. १९२६च्या पूरग्रस्तांसाठीच्या तिकिटांवर जादा रक्कम छापली होती, आणि १९२८ मध्ये तीच रक्कम फुल्या मारून रद्द केली गेली. ही जोडी शेजारी लावावी. ३ ऑक्टोबर १९२९ रोजी राज्याचे नाव युगोस्लाव्हिया झाले, तेव्हा त्यानंतरची पाने वेगळी करणे योग्य. ९ ऑक्टोबर १९३४ रोजी मार्सेयमध्ये राजा अलेक्झांडरची हत्या झाली आणि त्याच महिन्यात त्याच्याच चित्राची तिकिटे काळ्या चौकटीसह निघाली. ही मालिका पूर्ण करणे अवघड नाही, आणि ती साध्या मालिकेच्या लगत ठेवली तरच चौकटीचा अर्थ उमगतो. १९३६च्या निकोला टेस्ला यांच्या तिकिटांना इतर विषयांचे संग्राहकही मागणी करतात.

अल्बममध्ये जुन्या, न वापरलेल्या तिकिटांसाठी पारदर्शक खिसे वापरावेत, गोंदाची बिजागरी (तिकीट पानाला चिकटवण्याची दुमडलेली कागदी पट्टी) लावू नये. एप्रिल १९४१ मध्ये राज्यावर आक्रमण झाल्यावर क्रोएशिया, सर्बिया आणि लुब्लियाना येथे अलेक्झांडरचा मुलगा राजा पीटर दुसरा याच्याच तिकिटांवर नव्या सत्तांची नावे छापली गेली. ती दुसऱ्या खंडात न टाकता याच अल्बमच्या शेवटच्या पानांवर, १९१८च्या ओव्हरप्रिंटसारख्याच मांडणीत लावावीत.