फिरस्त्या बेसबॉलपटूचं सेवापुस्तक कसं वाचायचं

बेसबॉलपटूच्या नावापुढे दहा-बारा संघ दिसले की पहिला अंदाज निघतो तो हा, की गडी कुठेच टिकला नाही. हा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, पंधरा-सतरा वर्षं कोणी ना कोणी तुम्हाला खुर्ची देत राहतं, याचा अर्थ तुमच्याकडे दर वर्षी कुणाच्या तरी कामाचं काहीतरी आहे. ते काय होतं हे सरासऱ्यांच्या तक्त्यातून कळत नाही. ते बदल्यांच्या यादीतून कळतं, आणि ती यादी सरकारी सेवापुस्तकासारखी वाचावी लागते. नागपुरात सेवापुस्तक कशाला म्हणतात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. कोणत्या तारखेला, कुठून कुठे, कोणत्या आदेशाने: आधी ते पाहायचं, शेरे मागाहून.

साहित्य साधं आहे. लांब रजिस्टर घ्या, उघडल्यावर समोरासमोरची दोन पानं एका खेळाडूला द्या. डाव्या पानावर पाच रकाने आखा: तारीख, कुठून, कुठे, आदेशाचा प्रकार, साठलेली सेवा. उजवं पान आकड्यांसाठी. डावं पान पूर्ण भरल्याशिवाय उजव्याला हात लावू नका. आधी आकडे पाहिले की डोक्यात एक मत पक्कं होतं आणि मग प्रत्येक बदली त्या मताच्या पुराव्यासारखी दिसायला लागते.

क्रिकेटची सवय इथे आड येते, म्हणून ती आधीच बाजूला काढू. वसीम जाफर २०१५-१६ च्या हंगामात मुंबईहून विदर्भाकडे आला. करुण नायर २०२३ मध्ये कर्नाटकातून आला, फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये नागपूरजवळच्या जामठ्यावरच्या रणजी अंतिम सामन्यात केरळविरुद्ध त्याने ८६ आणि १३५ धावा केल्या, आणि पुढच्या हंगामात घरी परतला. दोघांनीही स्वतः ठरवून संघ बदलला, त्यासाठी आधीच्या संघटनेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. बेसबॉलमध्ये उलटं चालतं. तिथे खेळाडूचा करार संघाच्या मालकीचा असतो आणि कारकिर्दीच्या पहिल्या कितीतरी वर्षांत त्याला कुणी विचारतही नाही. दुपारी फोन येतो, रात्री दुसऱ्या शहरात हजर. ४ ऑगस्ट १९८२ ला जोएल यंगब्लड दुपारी शिकागोत न्यूयॉर्क मेट्सकडून खेळला, तिथे हिट मारला (फटका मारून सुखरूप बेसवर पोहोचला), सामना चालू असतानाच मॉन्ट्रियलकडे ट्रेड झाला आणि त्याच रात्री फिलाडेल्फियात नव्या संघाकडून पुन्हा हिट मारला. म्हणून संघ बदलला दिसला की 'का सोडलं' असं विचारायचं नाही. 'कोणी मागितलं, की कोणी काढलं' असं विचारायचं.

याचं उत्तर चौथ्या रकान्यात मिळतं. तिथे नेहमी येणारे शब्द असे.

ट्रेड म्हणजे समोरच्या संघाने काहीतरी मोजून घेतलं. बदल्यात कोण गेलं ते शेजारी लिहाच, कारण खेळाडूची त्या दिवशीची किंमत तीच. 'रोख रकमेच्या बदल्यात' असं असेल तर किंमत फार नव्हती. 'नाव नंतर जाहीर होणारा खेळाडू' असं असेल तर सहा महिन्यांच्या आत ते नाव येतं, तेवढी जागा कोरी ठेवा.

ऑप्शन म्हणजे तात्पुरतं खाली, म्हणजे मेजर लीगच्या हाताखालच्या मायनर लीगमध्ये, पाठवणं. संघाच्या ४० जणांच्या यादीत नाव राहतं, पण वरच्या २६ जणांत नसतं. साधारणपणे अशी तीन वर्षं मिळतात. इथे हमखास चूक होते: लोक प्रत्येक फेरीला एक ऑप्शन मोजतात. मोजायचे ते हंगाम. एका हंगामात चारदा खाली-वर झाला तरी एकच वर्ष खर्च होतं, आणि खाली मिळून २० दिवसही भरले नाहीत तर तेही होत नाही. २०२२ पासून एका हंगामात पाचपेक्षा जास्त वेळा असं पाठवता येत नाही. खाली गेलेल्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) किमान १५ दिवस तिथे काढावे लागतात, इतरांना १०. आधी परत बोलावता येतं ते मुख्यतः वरचा कुणी जखमी झाला तर. म्हणून तीन दिवसांत परतलेला पिचर दिसला तर त्या तारखेला संघात कोण जखमी झालं ते शोधा. बहुधा सापडतंच.

तीन वर्षं संपली की खेळाडू 'आउट ऑफ ऑप्शन्स' होतो, आणि खरी भटकंती बहुधा इथून सुरू होते. आता त्याला खाली पाठवायचं तर आधी वेव्हरवर, म्हणजे बाकी सगळ्या संघांसमोर ठेवावं लागतं. कुणीही उचलू शकतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अशा नोंदींचा ढीग दिसतो, कारण हंगाम उघडायच्या आत २६ जणांची यादी पक्की करायची असते. त्या आठवड्यात एखाद्याने संघ गमावला तर त्याचा खेळ बिघडला असं समजू नका. अनेकदा त्याच्याच जोडीच्या, पण ऑप्शन शिल्लक असलेल्या पोराला संघ जपून ठेवतो, आणि अनुभवी माणूस बाहेर पडतो.

'डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट' ही नोंद सगळ्यात जास्त चुकीची वाचली जाते. हे काढून टाकणं नव्हे. ४० च्या यादीतून नाव लगेच निघतं आणि संघाला सात दिवस मिळतात: ट्रेड करा, वेव्हरवर ठेवा, नाहीतर मोकळं करा. तेव्हा ही नोंद दिसली की रजिस्टरमध्ये खाली दोन ओळी मोकळ्या सोडा, निकाल पुढच्या सात दिवसांत लिहायचा आहे. कुणीच उचललं नाही तर त्याला ४० च्या बाहेर ठेवून मायनर लीगमध्ये पाठवतात. पहिल्यांदा असं होतं आणि सेवा तीन वर्षांहून कमी असते, तेव्हा त्याला नाही म्हणता येत नाही. दुसऱ्या वेळेपासून, किंवा तीन वर्षं भरलेली असतील तर, तो नकार देऊन फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा, होऊ शकतो. पाच वर्षं भरलेल्याला नकार देऊनही ठरलेला पगार मिळतो. त्यामुळे 'फ्री एजंट झाला' आणि चार दिवसांनी 'त्याच संघाशी मायनर लीग करार' अशा दोन ओळी लागोपाठ दिसल्या तर गोंधळू नका. त्याने हक्क वापरला, बाजार पाहिला आणि घरीच बरी जागा मिळाली.

पाचवा रकाना सेवेचा. इथे एक वर्ष १७२ दिवसांचं धरतात आणि आकडा २.१५० असा लिहितात. हा दशांश नाही. दोन वर्षं आणि १५० दिवस, म्हणजे तीन वर्षांना २२ दिवस कमी. हे २२ दिवस महत्त्वाचे, कारण साधारणपणे तीन वर्षांनंतर पगार लवादाकडे नेता येतो आणि सहा वर्षांनंतर खेळाडू खऱ्या अर्थाने मोकळा होतो. बेरीज करताना १७२ झाले की एक वर्ष पुढे न्या, नाहीतर सगळा रकाना बिघडतो. एका हंगामात कितीही दिवस भरले तरी १७२ च्या वर धरायचं नाही.

आणि हे दिवस मोजतात ते पोटापाण्यासाठी. मायनर लीग खेळाडूंच्या २०२३ च्या करारात ट्रिपल-एच्या (मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पातळीच्या) खेळाडूचा वर्षाचा किमान पगार ३५,८०० डॉलर ठरला. त्याच वर्षी मेजर लीगचा किमान पगार ७,२०,००० डॉलर होता. हंगामाच्या दिवसांनी भागा: वर काढलेले दहा दिवस खालच्या अख्ख्या वर्षाच्या किमान पगारापेक्षा जास्त देऊन जातात. ४३ दिवसांची सेवा झाली की पेन्शनचा हक्क लागतो. म्हणून चाळिसाव्या दिवशी खाली गेलेल्या तिशीतल्या खेळाडूची नोंद आली तर तिच्याभोवती लाल पेनने गोल करा. त्या माणसासाठी पुढचे तीन दिवस सगळ्या हंगामाहून मोठे असतात.

आता एक सेवापुस्तक प्रत्यक्ष उघडू. एडविन जॅक्सन, उजव्या हाताचा पिचर, २००३ ते २०१९, एकूण १४ संघ. सर्वाधिक संघांचा हा विक्रम त्याने १५ मे २०१९ ला टोरंटोकडून चेंडू टाकून केला. २०२५ मध्ये पंचेचाळिशीतल्या रिच हिलने कॅन्सस सिटीकडून त्याची बरोबरी साधली. जॅक्सनचं उजवं पान आधी पाहिलंत तर १०७ विजय, १३३ पराभव, ४.७८ चा ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा, कमी तितक्या चांगल्या). फार तर सामान्य म्हणाल.

डावं पान वाचा. २००६ ते २०११ या काळात चौथ्या रकान्यात सहा वेळा 'ट्रेड'. म्हणजे सहा वेळा कुणीतरी काहीतरी मोजून त्याला घेतलं. २५ जून २०१० ला ॲरिझोनाकडून त्याने टँपा बेविरुद्ध नो-हिटर टाकला: १४९ चेंडू, ८ वॉक (चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळालेला बेस), हिट शून्य. पाच आठवड्यांनी, ३० जुलैला, तो शिकागो व्हाइट सॉक्सकडे. असा सामना टाकूनही ट्रेड का, असा प्रश्न पडेल. पण ॲरिझोना तेव्हा तळाला होता आणि जुलैअखेर तळाचे संघ चांगला माल विकून तरुण खेळाडू घेतात. बदल्यात तरुण पिचर डॅनियल हडसन ॲरिझोनाकडे आला. भाव होता म्हणूनच विक्री झाली.

मग २७ जुलै २०११. या एका तारखेला दोन ओळी आहेत: शिकागोहून टोरंटो, टोरंटोहून सेंट लुइस. इथे संघ मोजताना हमखास चूक होते. त्या दिवशी तो टोरंटोचा काही तास होता, एकही चेंडू टाकला नाही, म्हणून २०११ चा टोरंटो मोजायचा नाही. मोजायचा तो २०१९ चा. सेंट लुइसने त्याच वर्षी वर्ल्ड सीरिज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, जिंकली. नियम असा ठेवा: ट्रेडची ओळ डाव्या पानावर लिहा, पण संघाला क्रमांक द्या तो प्रत्यक्ष सामना खेळल्यावरच.

२०१२ पासून प्रकार बदलतो. आधी वॉशिंग्टनशी एक वर्षाचा करार, मग २०१३ पासून शिकागो कब्जशी चार वर्षांचा, ५.२ कोटी डॉलरचा. जुलै २०१५ मध्ये तो रिलीज झाला, म्हणजे संघाने त्याला मोकळं केलं, करार दीड वर्ष बाकी असताना. वाईट वाटतं, पण हिशेब बघा: उरलेला पगार कब्जच्याच गळ्यात, नव्या संघाला द्यायचा फक्त किमान पगार. अटलांटा, मायामी, सॅन डिएगो असे संघ मग पटापट का आले ते इथे समजतं. त्यानंतर 'मायनर लीग करार' ही ओळ पुन्हा पुन्हा येते, आणि चौदावा संघ टोरंटो तर रोख रकमेच्या बदल्यात. ट्रेड, मोठा करार, रिलीज, मायनर लीग करार, रोख: चौथा रकाना नुसता वरून खाली वाचला तरी सतरा वर्षांचा चढ-उतार उभा राहतो. १४ हा आकडा त्यातलं काहीच सांगत नाही.

कोरी जागा दिसली म्हणून पान बंद करू नका. रिच हिल ऑगस्ट २०१५ मध्ये लाँग आयलंड डक्स या स्वतंत्र लीगमधल्या संघाकडून खेळत होता, वय ३५. सप्टेंबरमध्ये बोस्टनकडून उतरला, पहिल्याच सामन्यात ७ इनिंगमध्ये १० स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) आणि एकच हिट. डिसेंबर २०१६ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सने त्याला तीन वर्षांसाठी ४.८ कोटी डॉलर दिले. स्वतंत्र लीग, मेक्सिको, जपान, कोरिया, थंडीतल्या डोमिनिकन आणि व्हेनेझुएलाच्या लीग या सगळ्या ओळी रजिस्टरमध्ये लिहा. मेजर लीगच्या तक्त्यात त्या नसतात, आणि फिरस्त्याच्या आयुष्यातला अर्धा प्रवास तिथेच होतो.

उजवं पान भरताना एवढंच: ट्रिपल-एचा ईआरए मैदान पाहूनच लिहा. अल्बुकर्क या अमेरिकी शहरातलं ट्रिपल-ए मैदान समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे. आपलं नागपूर साधारण ३१० मीटर. तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि वळतो कमी. तिथे ५ च्या आसपासचा ईआरए असलेला पिचर कमी उंचीवरच्या मैदानात आला की कामाचा निघू शकतो, आणि संघांचे लोक ते जाणून असतात.

तारखांचं शेवटी सांगतो, कारण नागपुरातून वही ठेवणाऱ्याची चूक इथेच होते. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी ७:०५ ला सुरू होणारा सामना उन्हाळी वेळेत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ४:३५ ला असतो. लॉस एंजेलिसचा सकाळी पावणेआठच्या सुमारास, तर्री-पोह्यांच्या वेळेला. वहीत तारीख कायम तिकडचीच लिहा. ट्रेडची अंतिम मुदत ३१ जुलैला न्यूयॉर्कच्या संध्याकाळी ६ वाजता असेल, तर ती आपल्याकडे १ ऑगस्टच्या पहाटे साडेतीनला संपते, आणि १ ऑगस्ट लिहिलंत तर तो ट्रेड बेकायदा दिसेल. त्या मुदतीनंतर फिरस्त्यांकडे पाठ फिरवू नका. ३१ ऑगस्टपर्यंत संघात आलेलाच साधारणपणे ऑक्टोबरचे बाद फेरीचे सामने खेळू शकतो, त्यामुळे ऑगस्टच्या शेवटच्या चार-पाच दिवसांत रिलीज, वेव्हर आणि मायनर लीग कराराच्या ओळी एकामागून एक येतात. तेवढी पानं कोरी ठेवा.