जुलाबाचं निदान घड्याळापासून सुरू करा

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. जुलाबाचा रुग्ण आला की माझा पहिला प्रश्न असतो, त्रास कधी सुरू झाला? नुसतं काल रात्री काय खाल्लं, एवढं विचारून भागत नाही. मागच्या आठवडाभराचं खाणं आठवायला लावा.

खाल्ल्यावर 1 ते 6 तासांत उलट्यांचा मारा सुरू झाला, ताप नाही, तर स्टॅफिलोकोकस किंवा बॅसिलस सेरियस या जिवाणूंचं विष असण्याची शक्यता जास्त. ताप, पोटात कळा आणि जुलाब 6 तास ते 6 दिवसांत आले तर साल्मोनेला हा जिवाणू. 2 ते 5 दिवसांनी आले तर कॅम्पिलोबॅक्टरही. पण वेळेवरून फक्त संशय घेता येतो, खात्री प्रयोगशाळेतल्या तपासणीनेच होते, जसं कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहणं.

शौचात रक्त असेल, ताप चढला असेल, लघवी कमी झाली असेल तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. रक्त आहे पण ताप फारसा नाही, असं असेल तर शिगा नावाचं विष बनवणाऱ्या ई. कोलाय जिवाणूची तपासणी हवीच. त्यात अँटिबायोटिकने मूत्रपिंडाला धोका वाढू शकतो, म्हणून घरातली उरलेली गोळी कृपा करून घेऊ नका.

नमुना औषध सुरू करण्याआधी द्या. रुंद तोंडाच्या स्वच्छ डबीत, लघवी न मिसळता. रक्त किंवा शेंब असलेला भाग आवर्जून घ्या आणि 2 तासांत पोचवा. दुसऱ्या दिवशी जंतू वाढवायच्या लालसर एक्सएलडी माध्यमावर काळ्या ठिपक्याच्या जंतूंच्या वसाहती दिसल्या की मी साल्मोनेलाच्या पुढच्या चाचण्या लावते.