डिपॉझिट लिमिट लावलंय म्हणून निवांत राहू नका
खानापूर-निपाणीकडची पैशाचे ऑनलाइन गेम खेळणारी आमची पोरं म्हणतात, ॲपात लिमिट लावलंय की, 500 रुपयांच्या वर जातच नाही. अरे पण ते दिवसाचं, महिन्याला 15,000 होतात! आणि लिमिट असतं ते खात्यातनं ॲपात टाकलेल्या पैशाला, जिंकलेले परत लावून घालवले तर ते त्यात धरतच नाहीत, दुसऱ्या ॲपात गेलं की पुन्हा नवीन लिमिट. म्हणून महिन्याचा आकडा आधी कागदावर मांडून बघा. तसं 2025 च्या कायद्यानं पैशाचे ऑनलाइन गेम बंदच केलेत, तरी चालू असलेल्या ॲपच्या लिमिटवर अजिबात विसंबू नका, बँकेच्या ॲपात जाऊन युपीआयचंच लिमिट कमी करा. हात थांबतच नसेल तर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, 14416 वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.