हनुमानासन : आधी लोडावर बसा, मग जमिनीवर

हनुमानासनात एक पाय सरळ पुढे, दुसरा सरळ मागे आणि बैठक जमिनीला. कुठे अडतं असं विचारलं की बहुतेक जण पुढच्या मांडीची मागची बाजू दाखवतात. ताण तिथे जाणवतो हे खरं, पण घोडं अडतं ते बहुधा मागच्या पायाच्या जांघेत. दिवसभर खुर्चीत नाहीतर दुचाकीवर बसून ती जागा आखडलेली असते. मांडी मागे जात नाही, मग त्या बाजूचा खुबा बाहेर उघडतो आणि माणूस तिरका बसतो. फोटोत छान दिसतं, आसन मात्र झालेलं नसतं.

पुण्यात लोड, विटा, पट्टे यांची नवलाई नाही. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी आसनांसाठी ही साधनं रुजवली ती याच शहरात. घरी दोन लाकडी विटा, एक घट्ट लोड, दोन-तीन सतरंज्या आणि एक पट्टा पुरे. पट्ट्याऐवजी जुनी सुती ओढणी चालते. पुढच्या टाचेखाली मॅट नको, ती टाच धरून ठेवते. शहाबादी फरशीवर रुमालाची घडी ठेवा, टाच अलगद सरकते. मागच्या गुडघ्याखाली मात्र सतरंजीची घडी हवीच.

जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. डिसेंबर-जानेवारीत पहाटे अंग आखडलेलं असतं, तेव्हा संध्याकाळ बरी.

आधी अधोमुख श्वानासन (तळहात-पावलं जमिनीवर, बैठक वर) १ मिनिट. मग सुप्त पादांगुष्ठासन (उताणं झोपून, तळव्याला पट्टा लावून एक पाय सरळ वर), प्रत्येक पाय दीड-दोन मिनिटं. गुडघा वाकत असेल तर पट्टा लांब सोडा, पाय काटकोनाच्या अलीकडे थांबला तरी बिघडत नाही.

आता जांघ. भिंतीकडे पाठ करून डावा गुडघा भिंतीच्या बुडाशी घडीवर टेका. नडगी भिंतीला उभी, पाऊल वर. उजवं पाऊल पुढे, गुडघा घोट्याच्या बरोबर वर, हात विटांवर. माकडहाड खाली सोडा, कंबर पोकळ होऊ देऊ नका. असह्य वाटलं तर डावा गुडघा भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. एकेक मिनिट, दोन्ही बाजू. हे कंटाळवाणं आहे आणि नेमकं हेच सगळे टाळतात.

मग मूळ आसन. गुडघ्यांवर उभे राहा, दोन्ही बाजूंना विटा. उजवी टाच पुढे रुमालावर, लोड उजव्या मांडीखाली लांबट. श्वास सोडताना टाच दोन-तीन इंच सरकवा, थांबा, पुन्हा सरकवा. भार हातांवर ठेवा. बैठक लोडाला टेकली की एकेक हात उचलून कमरेच्या पुढच्या हाडांची टोकं चाचपा. डावं टोक मागे राहिलं असेल तर इंचभर वर या, डावी मांडी आत वळवा, मगच खाली जा. मागे वळून पाऊलही बघा: नखं जमिनीला, टाच आढ्याकडे. टाच कलंडली असेल तर खुबा उघडला म्हणून समजा.

पाच-सहा श्वास थांबा. बाहेर येताना विटांवर जोर देऊन बैठक उचला, उजवा गुडघा वाकवून टाच मागे ओढा. प्रत्येक बाजू दोनदा, आठवड्यातून तीन-चार दिवस. लोडावर खुबे सरळ ठेवून निवांत श्वास घेता आला की लोडाऐवजी सतरंज्यांची घडी घ्या आणि तीही एकेक करून कमी करा.

मांडीच्या मधोमध ताण ठीक. पण बैठकीच्या हाडापाशी, जिथे मांडीचा मागचा स्नायू हाडाला चिकटतो, तिथे कळ आली तर लगेच वर या आणि काही दिवस हे आसन बंद ठेवा. तिथली इजा महिनोन् महिने रेंगाळते. गुडघ्यामागे ओढ लागत असेल तर गुडघा किंचित वाकवा, खाली सतरंजीची गुंडाळी द्या. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, सायटिकाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी हे आसन घरी एकट्याने करू नये.