सबॅटिकलच्या वर्षासाठी शाश्वत शेतीचं अनुदान कसं मागावं

सबॅटिकल, म्हणजे अभ्यास-संशोधनासाठीची मोठी रजा, मंजूर आहे, त्या काळात पगार पूर्ण की अर्धा हे लेखी मिळालंय, आणि अनुदानाची नियमावली शेवटच्या पानापर्यंत वाचून झालीय, असं धरून पुढे जातो.

आधी अनुदानाची जात ओळखा. फुलब्राइटसारखी पाठ्यवृत्ती माणसाला पैसे देते, प्रकल्पाला नव्हे. अमेरिकेत १९८८ साली सुरू झालेल्या 'सेअर' या शाश्वत शेतीच्या अनुदान योजनेच्या नावातच संशोधनाबरोबर शिक्षण आहे. एकासाठी लिहिलेला प्रस्ताव नाव बदलून दुसऱ्याकडे पाठवू नका, परीक्षकाला ते लगेच कळतं.

आता संशोधनाचा प्रश्न. बहुतेक अर्ज इथेच पडतात, माझाही पडला होता. 'सेंद्रिय खतामुळे जमिनीतला कर्ब (कार्बन) किती वाढतो' हे मी बारा महिन्यांत मोजणार होतो. परीक्षकाने एकच ओळ लिहिली: हा फरक एका वर्षात दिसणार कसा? त्याचं बरोबर होतं. एकाच वाफ्यात चार पावलांवर घेतलेल्या दोन नमुन्यांत कर्बाचा जेवढा फरक निघतो, त्यापुढे वर्षभराची वाढ कुठल्या कुठे बुडून जाते. शिवाय कर्बाच्या नुसत्या टक्केवारीवर भागत नाही. निदान ३० सेंमी खोलीपर्यंत मातीची स्थूल घनताही, म्हणजे ठराविक आकारमानात कोरडी माती किती वजनाची बसते तेही, मोजावं लागतं, नाहीतर माती भुसभुशीत झाली की हिशेबच चुकतो. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्राचा ब्रॉडबॉक हा गव्हाच्या शेतातला प्रयोग १८४३ पासून चालू आहे, तो उगाच नाही. 'मोठा प्रश्न घ्या, छाप पडते' हा सल्ला मला ज्येष्ठांनीच दिला होता. तो अजिबात ऐकू नका.

यातून सुटायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे एका हंगामात हलणारी गोष्ट मोजायची: पाणी मुरण्याचा वेग, मातीच्या कणसमूहांचा (एकत्र चिकटलेल्या कणांच्या गोळ्यांचा) टिकाऊपणा, गांडुळांची संख्या, तणांचा जोर. पाणी मुरण्यासाठी मी १५ सेंमी व्यासाची लोखंडी कडी जमिनीत ठोकतो, त्यात ४४० मिली, म्हणजे अडीच सेंमी उंचीचं पाणी ओततो आणि घड्याळ लावून बसतो. हिरवळीचं पीक गाडलेल्या आणि न गाडलेल्या पट्ट्यांतला फरक समोर बसलेल्या शेतकऱ्यालाही दिसतो. मात्र पहिलं पाणी जिरल्यावर दुसऱ्यांदा तेवढंच ओतून तीच वेळ नोंदवा. कोरड्या जमिनीचा पहिला आकडा फसवतो.

दुसरा रस्ता म्हणजे कुणीतरी आधीच घातलेल्या वर्षांवर उभं राहायचं. सेंद्रिय आणि प्रचलित शेतीची तुलना करणारा स्वित्झर्लंडमधला 'डॉक' प्रयोग १९७८ पासून, तसाच अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातला रोडेल संस्थेचा १९८१ पासून चालू आहे. रॉथमस्टेडला तर जुन्या मातीचे नमुने जपून ठेवलेत. अशा ठिकाणी संथ बदलाचा प्रश्न शोभतो. पण नमुने किंवा आकडेवारी वापरायची परवानगी अर्जाआधी हातात हवी. त्या संस्थेकडून आलेलं 'आपल्या कार्याला शुभेच्छा' छापाचं पत्र कुचकामी आहे. जागा, साधनं, माणूस, कोणत्या महिन्यापासून, हे पत्रात स्पष्ट लिहून घ्या.

वेळापत्रक पेरणीपासून मागे मोजत आणा. माझ्या दुसऱ्या प्रस्तावाचा निकाल अनुकूल लागला, पण पैसे पेरणी उलटल्यावर आले आणि अर्धी रजा वाया गेली. तेव्हापासून मी पहिल्या दोन महिन्यांत पैसा न लागणारं काम ठेवतो: शेतकऱ्यांच्या मुलाखती, जुन्या नोंदी.

प्रस्तावातल्या शिक्षणाच्या भागात 'कार्यशाळा घेऊ' एवढंच लिहू नका. कुणासाठी, पिकाच्या कोणत्या अवस्थेत, कुणाच्या शेतात शिवारफेरी, आणि तिथून माणूस काय शिकून जाईल, हे लिहा.

अंदाजपत्रक संस्थेच्या लेखा विभागाकडून तपासून घ्या. त्यात एक रकाना मात्र कुणालाही खोडू देऊ नका: शेतकऱ्याच्या वेळेचा आणि जमिनीचा मोबदला. आपण रजेवर असतो, तो नसतो. प्रयोगाच्या पट्ट्यात उत्पन्न घटलं तर भरपाई कोण देणार, हेही त्याच पानावर लिहा आणि अर्ज पाठवण्याआधी ते पान त्याला वाचून दाखवा.