सैन्यात नवे उपकरण दाखल करण्याच्या कामावर येणाऱ्यांसाठी

या कामावर नव्याने रुजू होणाऱ्या अभियंत्यांचे सगळे लक्ष पल्ला, अचूकता आणि वेग यांच्या आकड्यांवर असते, आणि ते स्वाभाविकही आहे. चाचण्यांच्या कामात बरीच वर्षे काढल्यावर मात्र माझे मत असे झाले आहे की, उपकरण तुकडीत रुळेल की नाही हे बहुतेक वेळा त्याच्याबरोबर काय पाठवले जाते यावर ठरते.

अमेरिकी सैन्याच्या एम-१६ रायफलीचे प्रकरण त्यासाठी मुळातून अभ्यासावे. १९६० च्या दशकाच्या मध्यास ती व्हिएतनाममध्ये मोठ्या प्रमाणावर दिली गेली, तेव्हा तिच्या काडतुसातली दारू बदललेली होती. त्यामुळे गोळीबाराची गती वाढली आणि आत काजळीही जास्त धरू लागली. चेंबरला, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीला, क्रोमचा मुलामा नव्हता, आणि या रायफलीला फारशी सफाई लागत नाही असा समज पसरल्यामुळे सफाईचे साहित्य पुरेसे पाठवलेच गेले नव्हते. ऐन चकमकीत रायफली अडकू लागल्या आणि १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीला चौकशी करावी लागली. पुढे मुलामा आला, सफाईचे साहित्य आले, देखभालीची सचित्र पुस्तिकाही आली. म्हणजे जे आधी जायला हवे होते ते मागाहून गेले.

म्हणून देखभालीच्या चाचणीला स्वतः उभे राहावे. एका वाहनाचा हवेचा फिल्टर कारखान्याच्या माणसाने दिवसाउजेडी सहज बदलून दाखवला होता. तेच काम रात्री, जाड हातमोजे घालून करायला सांगितले, तेव्हा तुकडीतल्या मेकॅनिकचा हात मागच्या बोल्टपर्यंत पोहोचेना, आणि तिथे लागणारा वाकडा पाना हत्यारपेटीत दिलेलाच नव्हता. अहवालात ‘देखभाल अवघड’ एवढेच लिहिले असते तर तो शेरा फायलीतच राहिला असता. बोल्टची जागा, पान्याचे माप आणि छायाचित्र जोडल्यामुळे पुढच्या नमुन्यात तो बोल्ट बाहेरच्या बाजूला आला.

चाचणीसाठी निवडक, तरबेज जवानच पाठवण्याकडे तुकड्यांचा कल असतो. त्याला नम्रपणे पण ठाम विरोध करावा, कारण उपकरण पुढे सामान्य जवानालाच वापरायचे असते. प्रशिक्षणही उपकरणाबरोबरच पोहोचायला हवे. फ्रान्सने मित्राय्यूझ ही अनेकनळी तोफ इतकी गुप्त ठेवली की १८७० च्या प्रशियाविरुद्धच्या युद्धात ती चालवणाऱ्यांचा सराव तोकडा पडला, आणि तोफखान्यासारखी दूरवरून वापरल्याने तिचा पुरेसा उपयोगही झाला नाही.

जुने आणि नवे उपकरण एकाच वेळी वापरात असण्याचा काळ भांडारासाठी सर्वांत कठीण असतो, कारण दोन्हींचे सुटे भाग ठेवावे लागतात आणि जागा मोकळी करण्याचा दबाव सतत येत राहतो. शेवटची तुकडी पूर्णपणे नव्या उपकरणावर येऊन तिची पहिली वार्षिक तपासणी पार पडेपर्यंत जुने भाग मोडीत काढण्याच्या प्रस्तावावर सही करू नये.